होरेस मॅन आणि समाईक शाळेची हद्द

१८३७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सेनेटच्या अध्यक्षाने आपल्या मित्रांना बुचकळ्यात टाकणारा एक निर्णय घेतला. वय एकेचाळीस, वकिली उत्तम चाललेली, राजकारणात आणखी वरची पदे मिळतील असा लौकिक. असे असता हे सारे बाजूला सारून त्याने नव्याने स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाचे चिटणीसपद पत्करले. या पदाचे वेतन बेताचे होते आणि अधिकार तर जवळजवळ नव्हताच. चिटणिसाने राज्यातील शाळांची माहिती गोळा करावी, ती दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी आणि लोकांना सल्ला द्यावा, एवढेच त्याचे काम. एकही शाळा उघडण्याची किंवा एकाही शिक्षकाला नेमण्याची सत्ता त्याला नव्हती. तरीही पुढील बारा वर्षांत या बिनसत्तेच्या खुर्चीवरून त्याने अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाला जे वळण लावले, ते पुढे बहुतेक साऱ्या देशाने उचलले. होरेस मॅन हे त्याचे नाव.

मॅन यांच्या नावाच्या शाळा आज अमेरिकेत गावोगावी आहेत. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांचा उल्लेख सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून होतो. तो गौरव यथार्थ आहे. परंतु तेवढ्याने त्यांचे चरित्र पुरे होत नाही. शाळा सर्वांची असावी असे मॅन यांनी सांगितले आणि ते लोकांना पटवले. मात्र सर्व म्हणजे कोण, आणि त्या सर्वांभोवतीची हद्द कोठे आखायची, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला त्यांनी दिलेले उत्तर अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाची किंमत अमेरिकेतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी मोजली आहे.

काडाच्या वेण्या

होरेस मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी फ्रँकलिन या खेड्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतातील कामातून मिळणारी उसंत टोप्यांसाठी काडाच्या वेण्या वळण्यात जाई. लहानग्या होरेसची शाळेची पुस्तके या वेण्यांच्या कमाईतून येत. पंधराव्या वर्षापर्यंत वर्षाकाठी आठ-दहा आठवड्यांहून अधिक शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. गावाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून ठेवलेले होते. त्याबद्दल प्रार्थनामंदिरासाठी त्यांनी एक घंटा द्यावी, अशी गावकऱ्यांची अपेक्षा होती. फ्रँकलिन यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठवली. या शंभरावर ग्रंथांतून गावाचे वाचनालय उभे राहिले, आणि शाळेने जे दिले नाही ते या मुलाने तेथे मिळवले.

१८०९ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ स्टीफन पाण्यात बुडून मरण पावला. गावचे धर्मोपदेशक कडव्या पंथाचे होते. पापाची कबुली न देता मरणाऱ्यांच्या गतीविषयी त्यांनी त्या शोकप्रसंगी जे प्रवचन केले, ते ऐकताना आईच्या तोंडून निघालेला हुंदका चौदा वर्षांच्या होरेसच्या मनात कायमचा राहिला. मुलांना भीती घालून सन्मार्गाला लावता येते या कल्पनेचा त्यांना पुढे जन्मभर तिटकारा वाटला, त्याचे मूळ येथे आहे.

एका फिरत्या शिक्षकाच्या हाताखाली सहा महिन्यांत लॅटिन आणि ग्रीक यांची तयारी करून मॅन १८१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षात दाखल झाले. १८१९ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले, १८२३ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली आणि १८२७ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. वेड लागलेल्या निराधार माणसांना त्या काळी तुरुंगात कोंडून ठेवीत. त्यांच्यासाठी वुस्टर येथे १८३३ मध्ये सरकारी रुग्णालय उघडले, ते मुख्यतः मॅन यांच्या प्रयत्नांमुळे. परंतु याच सुमारास त्यांच्यावर मोठा आघात झाला. १८३० मध्ये विवाह झालेली त्यांची पत्नी शार्लट १८३२ मध्ये वारली. भावाच्या व्यवसायाला जामीन राहिल्याने कर्जही अंगावर आले. कित्येक दिवस ते आपल्या कचेरीतच झोपत. शिक्षण मंडळाचे चिटणीसपद चालून आले, तेव्हा जगण्याला हेतू शोधणाऱ्या या माणसाला ते पद लहान वाटले नाही.

शाळांची दैना

मॅसॅच्युसेट्सला शिक्षणाची परंपरा नव्हती असे नाही. १६४७ सालीच तेथील वसाहतीने कायदा केला होता, की पन्नास कुटुंबांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने लॅटिन शाळा चालवावी. परंतु दोनशे वर्षांत या परंपरेचा कस उतरला होता. गावाची शाळा लहान लहान शालेय विभागांत वाटली गेली होती. एखाद्या आळीएवढा विभाग, त्याचे स्वतंत्र पंच, त्याचा स्वतंत्र हिशेब. शिक्षक शक्य तितका स्वस्त शोधायचा आणि पैसे संपले की शाळा बंद करायची, ही रीत पडली होती. हिवाळ्यात एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी चार पैसे मिळवण्यासाठी शिकवी. उन्हाळ्यात एखादी तरुण मुलगी. दोघांनाही शिकवण्याचे शिक्षण नसे.

ज्यांना परवडे ते आपली मुले खासगी विद्यालयांत पाठवीत. या लोकांना सार्वजनिक शाळेच्या बऱ्यावाईटाशी कर्तव्य उरले नव्हते, आणि गावच्या सभेत शाळेच्या खर्चाला कात्री लावणारे हात बहुधा त्यांचेच असत. दुसरीकडे कापडगिरण्यांची शहरे वाढत होती. पंधरा वर्षांखालील गिरणीकामगार मुलांनी वर्षातून तीन महिने शाळेत जावे असा कायदा १८३६ मध्ये झाला. पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. मताचा अधिकार सामान्य गोऱ्या पुरुषाच्या हाती आला होता, आणि मत देणारा निरक्षर राहिला तर लोकराज्याचे काय होईल, ही चिंता विचारी माणसांना लागली होती.

मॅन घोड्यावर बसून जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्यांनी शाळागृहे पाहिली. खिडक्यांना तावदाने नाहीत, बाकांना पाठी नाहीत, लहान मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हिवाळ्यात शेगडीजवळची मुले भाजतात आणि कोपऱ्यातली गारठतात, हे सारे त्यांनी बारकाईने टिपले. शाळागृहांच्या स्थितीवर त्यांनी वेगळा अहवाल लिहिला. पिट्सफील्ड येथे शिक्षकांच्या एका शिबिरासाठी ते गेले असता वर्ग झाडलेलाही नव्हता. तेव्हा बरोबर असलेले राज्याचे गव्हर्नर ब्रिग्ज आणि मॅन या दोघांनी झाडू हाती घेतले आणि शिक्षक येण्यापूर्वी खोली स्वच्छ केली.

चिटणिसाचे बारा अहवाल

मॅन यांच्या हाती शस्त्र एकच होते, ते म्हणजे लेखणी. १८३७ ते १८४८ या काळात त्यांनी बारा वार्षिक अहवाल लिहिले. सरकारी अहवाल हे कपाटात ठेवण्यासाठी असतात, या समजुतीला या बारा अहवालांनी धक्का दिला. ते राज्याबाहेर आणि देशाबाहेरही वाचले गेले. १८३८ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी एक नियतकालिकही सुरू केले.

शिक्षक आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो, हे त्यांचे पहिले सूत्र. एडमंड ड्वाइट या उद्योगपतीने १८३८ मध्ये दहा हजार डॉलर देऊ केले, राज्याने तेवढीच रक्कम घातली, आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे अमेरिकेतील पहिले सरकारी अध्यापन विद्यालय उघडले. ते केवळ स्त्रियांसाठी होते. पहिल्या दिवशी तीनच विद्यार्थिनी आल्या. पुढे बॅरे आणि ब्रिजवॉटर येथेही अशी विद्यालये निघाली. शिक्षकी पेशात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी वाढली. स्त्री शिक्षिका मुलांना मायेने शिकवतात, असे मॅन सांगत. त्या स्वस्तात मिळतात, हे गावांचे पंच जाणून होते. शिक्षिकेचे वेतन पुरुष शिक्षकाच्या निम्म्याहूनही कमी असे. समाईक शाळेची इमारत या तुटपुंज्या वेतनावर उभी राहिली, ही गोष्ट विसरता येत नाही.

न्यू इंग्लंडच्या या शिक्षणप्रेमाचा एक झरा महाराष्ट्रापर्यंतही पोचला होता. बॉस्टनमध्ये मुख्य कचेरी असलेल्या अमेरिकन मिशनने पाठवलेल्या सिंथिया फरार या न्यू हॅम्पशायरच्या शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. ते साल मॅन यांच्या बाराव्या अहवालाचेही आहे.

कर कोणी भरावा

ज्याला मूल नाही त्याने दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेसाठी कर का द्यावा, आणि ज्याने आपले मूल खासगी शाळेत घातले आहे त्याने दोनदा पैसे का मोजावेत, हा प्रश्न मॅन यांना प्रत्येक सभेत विचारला जाई. दहाव्या अहवालात त्यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. कोणतीही संपत्ती एका माणसाची किंवा एका पिढीची नसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. जमीन, पाणी, ऊन ही निसर्गाची देणगी. अवजारे, रस्ते, विद्या ही पूर्वजांची ठेव. आजचा मालक हा या ठेवीचा विश्वस्त आहे आणि पुढच्या पिढीचा तीवर हक्क आहे. जन्माला आलेल्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा नैसर्गिक अधिकार असतो. म्हणून शाळेचा कर ही धर्मादाय देणगी नसून ते मुलाचे देणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

कारखानदारांशी ते त्यांच्या भाषेत बोलले. शिकलेला कामगार अधिक आणि चांगले उत्पादन करतो, हे त्यांनी पाचव्या अहवालात कारखानदारांच्याच साक्षी काढून दाखवले. बाराव्या अहवालात त्यांनी युरोपातील गरीब-श्रीमंतांमधील दरीकडे बोट दाखवले. अमेरिकेत ती दरी पडू द्यायची नसेल, तर माणसामाणसांना समान पातळीवर आणणारे शिक्षणासारखे दुसरे साधन नाही, असे त्यांनी मांडले. श्रीमंतांचे काढून गरिबांना देण्याची गरज नाही. गरिबांना शिकवा, म्हणजे गरिबीच निर्माण होणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा थोर होती आणि भाबडीही होती. गिरणीमालकाला ती मानवणारी होती, कारण तीत गिरणीतील मजुरीचा दर बदलण्याची गरज नव्हती.

मात्र मॅन यांच्या विचारातील एक अट नेहमी दुर्लक्षिली जाते. शाळेने समानता आणावी असे वाटत असेल तर ती इतकी चांगली असली पाहिजे, की श्रीमंतालाही आपले मूल तेथे पाठवावेसे वाटावे. न्यायाधीशाचा मुलगा आणि मोळीविक्याचा मुलगा एका बाकावर बसले, तरच ती शाळा समाईक. केवळ गरिबांसाठी उरलेली सरकारी शाळा ही मॅन यांच्या मते समाईक शाळा नव्हेच.

विरोधाच्या लाटा

अशा माणसाला शत्रू पुष्कळ मिळाले. सरकारने गावच्या शाळेत लक्ष घालणे म्हणजे प्रशियाच्या राजाची हुकूमशाही आणणे होय, अशी ओरड झाली. १८४० मध्ये शिक्षण मंडळ बरखास्त करण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात आला. तो १८२ विरुद्ध २४५ मतांनी फेटाळला गेला. मंडळ वाचले, पण किती थोडक्यात वाचले हे मॅन कधी विसरले नाहीत.

१८४३ मध्ये त्यांनी मेरी पीबॉडी या विदुषीशी विवाह केला आणि दोघे युरोपास गेले. प्रशियातील शाळांत मुलांना मारीत नाहीत, शिक्षक पुस्तकाला डोके न लावता उभा राहून शिकवतो आणि विषय आधी समजावून सांगतो, हे पाहून ते प्रभावित झाले. सातव्या अहवालात त्यांनी तसे लिहिताच बॉस्टनच्या एकतीस शिक्षकांनी त्यांच्यावर तुटून पडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. छडीवाचून शिस्त राहील, हे त्यांना पटत नव्हते. मॅन आणि त्यांचे मित्र सॅम्युएल हौ यांच्या पक्षाने १८४५ मध्ये त्याला वेगळेच उत्तर दिले. बॉस्टनच्या शाळांत आगाऊ न कळवता छापील प्रश्नपत्रिका नेऊन मुलांची लेखी परीक्षा घेतली. निकाल निराशाजनक लागला; मुले पाठ केलेले म्हणू शकत, पण त्याचा अर्थ सांगू शकत नव्हती. लेखी परीक्षेचे हे नवे हत्यार पुढे शिक्षकांना तपासण्यापेक्षा मुलांची वर्गवारी करण्यासाठीच अधिक वापरले जाईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नसावे.

धर्माच्या बाबतीतही दोन्ही बाजूंनी टीका झाली. शाळेत बायबल वाचावे, पण कोणत्याही पंथाचे भाष्य करू नये, अशी मॅन यांची तडजोड होती. कडव्या प्रॉटेस्टंटांना ती निरीश्वरवादी वाटली. उलट आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिकांना शाळेतील बायबलच प्रॉटेस्टंट वाटले. त्यांनी आपल्या वेगळ्या शाळा काढल्या. समाईक म्हटलेली शाळा सर्वांना आपली वाटत नव्हती.

तरीही चिटणीसपदाच्या अखेरीस हाती आलेले फळ लहान नव्हते. वर्षातून किमान सहा महिने शाळा चालवणे बंधनकारक झाले, शाळांवरील सार्वजनिक खर्च दुपटीवर गेला, शिक्षकांची वेतने वाढली आणि राज्यभर नवी माध्यमिक विद्यालये निघाली.

मौनाचे मोल

याच बॉस्टन शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. बेंजामिन रॉबर्ट्स या कृष्णवर्णीय मुद्रकाची पाच वर्षांची मुलगी सारा हिला घराजवळच्या शाळेत घेतले गेले नाही. गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून तिने बेल्कनॅप रस्त्यावरील वेगळ्या शाळेत जावे, असे शाळासमितीचे म्हणणे होते. वडिलांनी नगरावर दावा लावला. चार्ल्स सम्नर आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस यांनी १८४९ च्या डिसेंबरात तिची बाजू मांडली. वेगळी शाळा ही वेगळेपणामुळेच समान असू शकत नाही, असा सम्नर यांचा मुद्दा होता. १८५० मध्ये मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी तो अमान्य केला; मुलांची विभागणी करण्याचा समितीला अधिकार आहे, असा निर्णय दिला.

बॉस्टनमधील कृष्णवर्णीय पालक या वेगळ्या शाळांविरुद्ध अर्ज करीत होते, तेव्हा मॅन चिटणीस होते. सर्वांच्या शाळेचा हा उद्गाता त्या प्रश्नावर गप्प राहिला. गुलामगिरीविरोधी चळवळीतील वेंडेल फिलिप्स यांनी या मौनाबद्दल त्यांच्यावर जाहीर टीका केली. मॅन यांना गुलामगिरीचा तिटकारा होता, यात संशय नाही. वेस्ट न्यूटन येथे हलवलेल्या अध्यापन विद्यालयात एक कृष्णवर्णीय तरुणी दाखल झाली आणि गावात तिला कोणी राहायला जागा देईना, तेव्हा मॅन यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. परंतु याच विद्यालयाचे पूर्वीचे प्राचार्य सॅम्युएल मे चळवळीत भाग घेऊ लागले होते, तेव्हा संस्थेला धोका नको म्हणून मॅन यांनीच त्यांना आवरले होते. मंडळ मोडायला टपलेल्या विरोधकांच्या हाती कोलीत द्यायचे नाही, आधी शाळा टिकवायची आणि मग बाकीचे पाहायचे, असा त्यांचा हिशेब होता. १८४० चे मतदान ज्याने पाहिले होते त्याला तो हिशेब सुचावा, हे समजण्यासारखे आहे. पण घराचे दार उघडणारा माणूस शाळेच्या दाराविषयी बोलला नाही, हेही तितकेच खरे आहे.

काँग्रेसपासून अँटिओकपर्यंत

१८४८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या निधनाने रिकामी झालेल्या जागेवर मॅन अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. चिटणीसपदाची जोखीम खांद्यावरून उतरताच त्यांची वाचा मोकळी झाली. त्याच वर्षी सत्याहत्तर गुलामांना राजधानीतून जहाजाने पळवून नेण्याच्या प्रयत्नात पकडल्या गेलेल्या डॅनियल ड्रेटन यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. पळालेल्या गुलामांना परत धाडण्याच्या १८५० च्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला आणि त्यासाठी डॅनियल वेब्स्टर यांच्यासारख्या आपल्याच राज्यातील बलाढ्य नेत्याशी वैर पत्करले. १८५२ मध्ये ते गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पडले.

मग त्यांनी पुन्हा शिक्षणाची वाट धरली. १८५३ मध्ये ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथे नव्याने निघालेल्या अँटिओक महाविद्यालयाचे ते अध्यक्ष झाले. येथे मुले आणि मुली एकच अभ्यासक्रम शिकत. मॅन यांची भाची रिबेका पेनेल हिला पुरुष अध्यापकांच्या बरोबरीचे पद आणि वेतन मिळाले. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या प्रवेशाला काही विश्वस्तांचा विरोध होता. या वेळी मॅन मागे हटले नाहीत. मात्र महाविद्यालयाचा आर्थिक पाया कच्चा होता. शंभर डॉलर भरणाऱ्याला एका विद्यार्थ्याच्या कायमच्या फुकट शिक्षणाचा हक्क, अशा योजनेवर ते उभारले होते. कर्ज वाढत गेले, १८५९ मध्ये महाविद्यालयाचा लिलाव झाला आणि मित्रांनी ते कसेबसे सोडवून घेतले. त्या उन्हाळ्याच्या पदवीदान समारंभात, थकलेल्या प्रकृतीने, मानवजातीसाठी काहीतरी मिळवून ठेवल्याखेरीज जगाचा निरोप घेऊ नका, असा उपदेश मॅन यांनी विद्यार्थ्यांना केला. काही आठवड्यांतच, २ ऑगस्ट १८५९ रोजी, त्यांचे निधन झाले. नंतर त्यांचा देह प्रॉव्हिडन्स येथे शार्लटच्या शेजारी नेऊन ठेवण्यात आला.

हद्दीचा प्रश्न

मॅन यांच्यानंतर समाईक शाळेने अमेरिका व्यापली. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सनेच १८५२ मध्ये केला. १८५५ मध्ये त्याच राज्याने कायदा करून वर्णभेदी शाळा बंद केल्या. सारा रॉबर्ट्सची लढाई न्यायालयात हरली, पण विधिमंडळात जिंकली गेली. तथापि शॉ यांचा निर्णय मेला नाही. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद वैध ठरवताना त्याचाच आधार घेतला, आणि दक्षिणेकडील शाळांतील भेदाला त्यातून पुढची अठ्ठावन्न वर्षे संरक्षण मिळाले. सम्नर यांनी १८४९ मध्ये मांडलेला मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १९५४ मध्ये, ब्राऊन खटल्यात.

कायद्यातील भिंत पडली, पण हद्द उरली. मॅन यांना आळीएवढ्या शालेय विभागांचा राग होता. ज्या आळीत पैसा तेथे शाळा, हे त्यांना मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्सने ते लहान विभाग अखेर १८८२ मध्ये मोडले. परंतु शाळेचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून भागवायचा, ही पद्धत देशभर रुजली होती, आणि मोठ्या हद्दीतही तीच गोष्ट घडू लागली. टेक्सासमधील सान अँटोनिओ शहरात १९६७-६८ साली मेक्सिकन वंशाच्या गरीब लोकांच्या एजवूड विभागात दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत. शेजारच्या सधन अलामो हाइट्स विभागात ५९४. विशेष हे, की एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरीत होते आणि अलामो हाइट्सचे ०.८५. अधिक दराने कर भरूनही गरिबांच्या हाती कमी शाळा येत होती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की यात राज्यघटनेचा भंग होत नाही आणि शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, वर्णभेद मोडण्यासाठी शहर आणि उपनगरे यांच्या शाळा एकत्र करण्यास न्यायालयाने नकार दिला. उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज विभागाची हद्द ओलांडता येत नाही, असा त्याचा इत्यर्थ.

याच १९७४ साली खुद्द बॉस्टनमध्ये, शाळासमितीने जाणूनबुजून शाळांतील वर्णभेद राखला, असे न्यायालयाला आढळले. मुलांना बसमधून एकमेकांच्या वस्तीतील शाळांत पाठवण्याचा हुकूम झाला आणि रस्त्यांवर दगडफेक झाली. हद्दीच्या आत राहिलेल्या गरीब गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची मुले एकमेकांसमोर उभी राहिली; उपनगरांतील सुखवस्तू कुटुंबांना या हुकमाची झळ लागली नाही. न्यायाधीशाचा मुलगा आणि मोळीविक्याचा मुलगा आता वेगवेगळ्या गावांत राहत होते.

या प्रवाहाविरुद्ध काही राज्यांनी पावले टाकली आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये १७८० च्या राज्यघटनेचा आधार घेऊन प्रत्येक मुलाला, ते गरीब गावात असो वा श्रीमंत, पुरेसे शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. त्याच वर्षी विधिमंडळाने गरीब विभागांना राज्याच्या तिजोरीतून अधिक मदत देणारा कायदा केला. मूल हे गावाच्या नव्हे, तर साऱ्या समाजाच्या संपत्तीचे वारस आहे, हा मॅन यांच्या दहाव्या अहवालातील विचार या कायद्यातून काही अंशी उतरला, असे म्हणता येईल.

बॉस्टनमध्ये बीकन हिल या टेकडीवर राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीपुढे होरेस मॅन यांचा पुतळा १८६५ पासून उभा आहे. त्याच टेकडीच्या दुसऱ्या उतारावर, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळेची जुनी इमारत आहे. आता तेथे संग्रहालय आहे. सर्वांची शाळा उभारणाऱ्या माणसाला हे अंतर ठाऊक होते. ते त्याने एकट्याने कापले, एका विद्यार्थिनीला आपल्या घरात जागा देऊन. पण चिटणीस असताना राज्याला ते कापायला सांगितले नाही. राज्याला ते कळायला त्यानंतर कायदा लागला आणि देशाला आणखी शंभर वर्षे. शाळा किती उघडल्या, याबरोबर त्या शाळांत कोणाशेजारी कोण बसते, हेही मोजावे लागते, एवढा धडा या चरित्रातून घेण्यासारखा आहे.